सहा लाकडं, दहा स्क्रू : इराणी हॉटेलातल्या खुर्चीने शिकवलेला धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत एका खुर्चीची गोष्ट सांगितली. बारा मिनिटांत जेवढं बसलं तेवढं तिथे आलं, बाकीचं सविस्तर इथे देतोय. व्हिडिओ बघितला नसेल तरी चालेल, लेख आपल्या आपण समजेल.

आधी खुर्ची ओळखून घ्या. मुंबईत धोबी तलावच्या कयानीत (आपली कॅम्पातली श्रूजबरीवाली कयानी बेकरी नव्हे, मुंबईची १९०४ सालची कयानी अँड कंपनी) किंवा बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियात कधी बसला असाल, तर अशा खुर्चीवर तुम्ही बसलेले आहात. काळपट तपकिरी लाकूड, गोल बैठक, पाठीला वाकवलेल्या लाकडाच्या कमानी. कुठे टोकदार कोपरा नाही, कुठे नक्षीकाम नाही. एका हाताने उचलता येते.

माझं हडपसरला फर्निचरचं दुकान आहे. मगरपट्टा, अमनोरा, सोलापूर रोड या पट्ट्यात नवीन कॅफे काढणारा जवळजवळ प्रत्येक जण मोबाईलवर या खुर्चीचा फोटो दाखवतो आणि म्हणतो, "दादा, असा इराणी लूक पाहिजे." खुर्ची सगळ्यांना पाहिजे असते. ती मुळात इराणी नाही हे थोड्यांना माहीत असतं. आणि दीडशे वर्षांहून जास्त काळ ती का टिकली, हे तर त्याहून थोड्यांना. धंदा करणाऱ्याने हे दुसरं समजून घेतलंच पाहिजे. कारण ही खुर्ची स्वस्त होती, पण तिच्यात माल कमी केलेला नव्हता.

खुर्ची आली कुठून?

जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी बोप्पार्ड नावाचं छोटं गाव आहे. तिथे १७९६ साली मायकेल थोनेट जन्माला आला. धंद्याने सुतार. १८१९ मध्ये त्याने स्वतःचा कारखाना टाकला.

त्या काळची चांगली खुर्ची म्हणजे भरपूर हातकाम. वळणदार पाठ हवी असेल तर जाड लाकडातून ती कोरून काढायची, म्हणजे निम्मं लाकूड भुशात. मग एका लाकडाला भोक पाडायचं, दुसऱ्याचं टोक त्यात ठोकून बसवायचं, सरस लावायचा. असे जोड करायला कसलेला कारागीर लागतो, आणि कसलेला कारागीर तेव्हाही महागच होता.

थोनेटने वेगळी वाट धरली. वळण कोरायचं नाही, लाकूडच वाकवायचं. १८३० नंतरच्या काळात तो लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळून, एकावर एक चिकटवून साच्यात वाकवू लागला. १८४१ मध्ये कोब्लेंट्सच्या प्रदर्शनात त्याचं काम ऑस्ट्रियाचा मोठा मुत्सद्दी मेटर्निख याच्या नजरेस पडलं आणि त्याने थोनेटला व्हिएन्नाला बोलावलं. इकडे गावाकडे मात्र कर्ज झालं होतं आणि बोप्पार्डचा कारखाना हातचा गेला. माणूस पंचेचाळिशी ओलांडलेला, बायकामुलांसह परक्या शहरात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. व्हिएन्नात त्याने काही वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली, राजवाड्यांच्या फर्निचरचं काम केलं.

स्वतःचं काम पुन्हा उभं राहिल्यावर १८५० च्या सुमारास त्याला एक महत्त्वाची ऑर्डर मिळाली, व्हिएन्नातल्या 'दाउम' नावाच्या कॉफी हाउसची. म्हणजे या खुर्चीचं आणि हॉटेलचं नातं पहिल्यापासूनचं आहे. हॉटेलवाला हे गिऱ्हाईकच असं की त्याला एक खुर्ची नको, एकदम पन्नास हव्यात. वर त्या रोज ओढल्या, आपटल्या, सांडल्या जाणार हे त्याला पक्कं माहीत असतं.

१८५३ मध्ये थोनेटने धंदा पाच मुलांच्या नावावर केला. 'गेब्रूडर थोनेट' हे कंपनीचं नाव, म्हणजे आपल्याकडच्या पाट्यांवर असतं तसं 'थोनेट बंधू'.

लाकूड वाकतं कसं?

हे समजलं की पुढचं सगळं समजतं, म्हणून जरा सावकाश वाचा.

हिरवी काठी हातात घेऊन वाकवा. ती मोडते कुठे? बाहेरच्या बाजूने. आतली बाजू दाबली जाते, बाहेरची ताणली जाते. लाकूड दाब भरपूर सोसतं, ताण मात्र फार थोडा सोसतं. म्हणून बाहेरचे तंतू आधी फाटतात.

थोनेटने दोन गोष्टी केल्या. एक, लाकडाला वाफ दिली. वाफेने लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारा नैसर्गिक पदार्थ मऊ पडतो आणि लाकूड काही मिनिटं वाकण्याजोगं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे खरी अक्कल. लाकडाच्या बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी लावून ती दोन्ही टोकांना घट्ट आवळली. आता वाकवताना बाहेरची बाजू लांबूच शकत नाही, कारण पट्टी तिला धरून ठेवते. सगळा ताण पट्टी घेते, लाकडाच्या वाट्याला फक्त दाब येतो. तो दाब लाकूड सोसतं. मग तसंच लोखंडी साच्यात अडकवून वाळवायचं. वाळलं की आकार कायमचा.

लाकूड निवडलं बीच. आपल्या टिंबर मार्केटमध्ये आज 'स्टीम बीच' म्हणून जे मिळतं, तेच कुळ. तंतू सरळ, बारीक, वाफ दिल्यावर वाकायला उत्तम.

या पद्धतीने अखंड दांडा वाकवता येऊ लागला. पट्ट्या चिकटवायची गरज संपली. हा बदल मोठा होता, कारण तेव्हाचा सरस दमट हवेत सुटायचा. समुद्रापलीकडच्या गरम, दमट देशांत माल विकायचा असेल तर सरसावर भरवसा ठेवून चालणार नव्हतं. १८५६ मध्ये थोनेट कंपनीला या पद्धतीचा हक्क मिळाला. लगोलग तिने मोराव्हियात, आजच्या चेक देशात, कोरिचानी या गावी कारखाना उभारला. का तिथे? बीचची जंगलं तिथे होती आणि मजूर तिथे होते. माल शहरात आणून कारखाना चालवण्यापेक्षा कारखानाच मालाजवळ नेला.

क्रमांक १४

१८५९ साली जी खुर्ची बाजारात आली, तिला नाव नव्हतं, फक्त नंबर होता : १४. नंबरचा फायदा बघा. व्हिएन्नाचा माणूस, पॅरिसचा माणूस, मुंबईचा माणूस, तिघांच्या भाषा वेगळ्या, पण 'चौदा नंबर' सगळ्यांना कळतो.

ही खुर्ची फक्त सहा भागांची :

• मागचे दोन पाय आणि पाठीची मोठी कमान, हे सगळं मिळून एकच वाकवलेला दांडा
• पाठीतली लहान कमान
• गोल बैठक
• पुढचे दोन पाय, हे दोन वेगळे भाग
• पायांना खालून बांधून ठेवणारी गोल कडी

हे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. बस. सरस लावून केलेले अवघड जोड नाहीत. जिथे एकेक खुर्ची पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच कारागीर घडवायचा, तिथे आता काम वाटलं गेलं. एक जण फक्त दांडे गोल करणार, दोघं मिळून वाकवणार, कोणी घासणार, कोणी पॉलिश करणार, कोणी बैठक वेताने विणणार. जंगलाजवळच्या खेड्यातला माणूस थोड्या दिवसांत यातलं एक काम शिकू शकत होता.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. थोनेटने लाकूड हलकं वापरलं नाही आणि स्क्रूही कमी लावले नाहीत. त्याने कमी केले ते जोड. जोड कमी झाल्यावर कारागिराचा वेळ वाचला, वेळ वाचल्यावर किंमत उतरली. आणि खुर्ची मोडते ती बहुतेक वेळा जोडातच, त्यामुळे किंमत उतरूनही खुर्ची जास्त टिकली.

हवेचं भाडं भरायचं नाही

आता माझा सगळ्यात आवडता भाग. सुटे केलेले भाग नीट रचले तर एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशा एका पेटीत ३६ खुर्च्या मावायच्या.

आपण आपल्या भाषेत हिशोब करू. अशी तयार खुर्ची साधारण दीड फूट रुंद, पावणेदोन फूट खोल आणि तीन फूट उंच जागा अडवते. म्हणजे जवळपास आठ घनफूट. एक घनमीटर म्हणजे सव्वापस्तीस घनफूट. त्यात तयार खुर्च्या बसतील जेमतेम चार-पाच. सुट्या केल्या तर ३६. एका पेटीच्या भाड्यात सातपट माल!

टेम्पोने फर्निचर पाठवणाऱ्या कुणालाही विचारा. छोटा हत्ती भरलेला दिसतो, पण वजन काट्यावर काहीच नसतं. आत निम्म्याहून जास्त हवा असते आणि भाडं त्या हवेचंही द्यावं लागतं. थोनेटच्या पेट्या आगगाडीने आणि बोटीने जगभर गेल्या. पोचल्यावर तिथला दुकानदार स्क्रू आवळून खुर्ची उभी करायचा. आज नवी मुंबईत तुर्भ्याला आयकियाच्या दुकानातून लोक चपट्या खोक्यात टेबल घरी आणतात, त्या कंपनीने ही पद्धत १९५० च्या दशकात धरली. थोनेट त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी तेच करत होता.

परिणाम? १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात खुर्चीला सुवर्णपदक मिळालं. १९३० पर्यंत चौदा नंबरच्या पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्याचं सांगितलं जातं.

इराण्यांच्या हॉटेलात ती का शोभली?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातून आलेल्या लोकांनी मुंबईत, मग पुण्यात चहाची हॉटेलं काढली. संगमरवरी टेबल, भिंतीला आरसे, काचेच्या बरण्यांत बिस्किटं, बन मस्का, पानी कम चाय, आणि ही वाकवलेल्या लाकडाची खुर्ची. सगळ्याच काही चौदा नंबरच्या नाहीत, पण घराणं तेच.

या खुर्च्यांना कोणी पोलंडच्या म्हणतं, कोणी चेकोस्लोव्हाकियाच्या, कोणी व्हिएन्नाच्या. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी थापा मारतंय. तसं नाही. थोनेटचे आणि त्याच्या स्पर्धकांचे कारखाने व्हिएन्नात नव्हतेच फारसे, ते मोराव्हियात आणि पोलंडकडे होते. १९१८ मध्ये पहिलं महायुद्ध संपलं, ऑस्ट्रियाचं साम्राज्य फुटलं आणि नवे देश झाले. कारखाने जागच्या जागी राहिले, पण माल 'चेकोस्लोव्हाकिया'चा किंवा 'पोलंड'चा झाला. मोराव्हियातल्या बिस्त्रित्से या गावात थोनेटचा जुना कारखाना आजही 'टॉन' नावाने चालू आहे आणि चौदा नंबर अजून बनवतो. पोलंडच्या रादोम्स्को गावातला कारखानाही 'फामेग' नावाने वाकवलेलं फर्निचर करतो.

आता हॉटेलमालकाच्या गल्ल्यावर बसून या खुर्चीकडे बघा.

• हलकी आहे. पोऱ्याला रात्री टेबलावर उलटी ठेवून फरशी धुता येते.
• पाय बारीक, पाठ उघडी. छोट्या जागेत चार खुर्च्या जास्त बसतात आणि तरी हॉटेल भरल्यासारखं वाटत नाही.
• बैठक वेताची. उकाड्यात हवा खेळते, चहा सांडला तर खाली गळून जातो.
• मुंबईच्या पावसाळ्यात सरस सुटायची भीती नाही, कारण सगळं स्क्रूवर आहे.
• सैल झाली तर आवळायची. वेत फाटला तर पुन्हा विणायचा. एक पाय गेला तर तेवढा पाय बदलायचा.

या शेवटच्या मुद्द्यावर आपल्याकडे कित्येकांची पोटं भरली. खुर्च्यांना वेत विणायचं काम अंध मुलांना शाळांतून शिकवलं जायचं, सरकारी कचेऱ्यांच्या खुर्च्या त्यांच्याकडे जायच्या. जी वस्तू दुरुस्त होते ती विकणाऱ्याखेरीज आणखी माणसांनाही काम देते.

साधी खुर्ची 'मॉडर्न' कशी ठरली?

विसाव्या शतकात युरोपातल्या नव्या विचारांच्या वास्तुविशारदांचं म्हणणं होतं की वस्तूवर नक्षी चिकटवू नका, ती कशी बनते आणि कशी वापरली जाते ते तिच्या आकारातून दिसू द्या. त्यांना शोधता शोधता ही खुर्ची सापडली. कारखान्यातून, स्वस्त, हॉटेलातली. १८९९ मध्ये आडोल्फ लूसने व्हिएन्नातल्या 'कॅफे म्युझियम'साठी वाकवलेल्या लाकडाच्याच खुर्च्या घेतल्या. १९२५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ल कॉर्ब्युझिएने, म्हणजे ज्याने पुढे आपलं चंदीगड आखलं त्याने, आपल्या नमुन्याच्या घरात थोनेटच्या खुर्च्या मांडल्या. पुढे मार्सेल ब्रॉयरने लाकडाऐवजी स्टीलचा पाइप वाकवून खुर्च्या केल्या आणि त्यांतल्या अनेक बनवल्या त्याच थोनेट कंपनीने.

म्हणजे थोनेट 'मॉडर्न' डिझाइन करायला बसला नव्हता. तो वेळ, लाकूड आणि भाडं वाचवायला बसला होता. जे उगाच होतं ते निघून गेलं आणि उरलं ते देखणं होतं.

पेटंट संपलं तेव्हा

१८६९ मध्ये कंपनीचा एकाधिकार संपला. लगेच नकला आल्या. जे. अँड जे. कोन ही कंपनी तर तोडीस तोड मोठी झाली. मायकेल थोनेट १८७१ मध्ये वारला, तेव्हा बाजारात स्पर्धा उघड्यावर होती. पण कंपनी बुडाली नाही. जंगलं, कारखाने, शिकलेले हात, देशोदेशीचे विक्रेते आणि नाव हे सगळं पेटंट असतानाच्या तेरा वर्षांत उभं राहिलं होतं. तुमच्या प्रॉडक्टची आज ना उद्या कॉपी होणार, हे धरूनच चाला. ती होईपर्यंत तुम्ही काय उभं केलं, एवढंच तुमच्या हातात आहे.

आज घेताना काय बघाल?

गेल्या वर्षी एका कॅफेवाल्याने दुसरीकडून घेतलेली खुर्ची माझ्याकडे आणली. 'बेंटवुड' म्हणून विकलेली, चार महिन्यांत पाठीच्या कमानीत आडवी मोडलेली. मी त्याला मोडलेली जागा दाखवली. लाकूड वाकवलेलंच नव्हतं. फळीतून गोल आकार कापून काढून तुकडे जोडले होते. वळणावर तंतू आडवे येतात, तिथे लाकूड बिस्किटासारखं तुटतं. गिऱ्हाईक टेकून बसलं आणि पाठ गेली. सुदैवाने कुणाला लागलं नाही. त्याच्याकडे अशाच आणखी तेवीस होत्या. नवीन धंदा, कर्जाचा हप्ता चालू, आणि खुर्च्या दुसऱ्यांदा घ्यायची वेळ. म्हणून हे नीट वाचा :

१. रेघा बघा. लाकडाच्या रेघा वळणाबरोबर वळत गेल्या असतील तर लाकूड वाकवलेलं आहे. रेघा सरळ जाऊन कडेला तुटत असतील तर कापलेलं आहे. गडद पॉलिशखाली दिसत नसेल तर मोबाईलचा टॉर्च तिरपा धरा, आणि बैठकीच्या खालची बाजू बघा, तिथे पॉलिश पातळ असतं.

२. सांधे मोजा. मागचा एक पाय धरून बोट वर न्या. कमानीवरून फिरून दुसऱ्या पायापर्यंत सांधा लागला नाही पाहिजे.

३. चुंबक लावा. चिकटलं तर तो लोखंडी पाइप आहे, वर लाकडाचा रंग. वाईट नाही, बाहेरच्या जागेसाठी चांगलाच, पण किंमत लाकडाची देऊ नका.

४. स्क्रू उघडून बघा. एक खुर्ची दुकानदारासमोर खोला आणि पुन्हा जोडा. खोलता येत नसेल तर दुरुस्तही होणार नाही.

५. 'जुनी ओरिजिनल' म्हणून विकत असतील तर बैठकीच्या कडीच्या आतली बाजू बघा. तिथे जाळून उमटवलेला शिक्का किंवा कागदी लेबल असायचं. 'चेकोस्लोव्हाकिया' लिहिलं असेल तर खुर्ची १९१८ नंतरचीच, मग विकणारा "दीडशे वर्षं जुनी" म्हणाला तरी. चोर बाजार असो की आपला बुधवार-रविवारचा जुना बाजार, शिक्का बघितल्याशिवाय जुनेपणाचे पैसे मोजू नका.

आणि घेतल्यावर : सहा महिन्यांनी एकदा सगळे स्क्रू आवळा. पाच मिनिटांचं काम आहे. खुर्ची डुगडुगायला लागल्यावरही तशीच वापरली की स्क्रूचं भोक मोठं होतं, आणि मग सुतार बोलवावा लागतो.

तुमच्या धंद्यात हे कसं लावाल?

तुम्ही फर्निचर विकत नसाल. मसाले, ब्लाउज, केक, पॅकिंगचे बॉक्स, काहीही विकत असाल. गिऱ्हाईक "थोडं कमी करा" म्हणालं की आपला हात पहिला जातो मालावर. तूप थोडं कमी, कापड थोडं पातळ, फळी बाराच्या जागी नऊ एमएमची. गिऱ्हाईकाला ते पहिल्या दिवशी कळत नाही, पण चौथ्या महिन्यात नक्की कळतं, आणि तेव्हा ते तुम्हाला फोन करत नाही, सरळ दुसऱ्या दुकानात जातं.

म्हणून या आठवड्याचं काम. वही घ्या आणि तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या एका वस्तूसाठी तीन रकाने करा. पहिल्यात लिहा, ती बनवताना किंवा विकताना किती वेगवेगळ्या कृती होतात. दुसऱ्यात, त्यातली कुठली कृती फक्त एकच माणूस करू शकतो. तिसऱ्यात, पोचवताना आपण 'हवेचं' भाडं कुठे भरतो. हवा म्हणजे रिकामी जागा, रिकामी फेरी, दोनदा मारलेला हेलपाटा, सगळं. किंमत कमी करायची ती या तीन रकान्यांतून. मालाचा रकाना मी मुद्दामच दिलेला नाही.

तिन्ही रकाने भरून झाले की व्हिडिओखाली कमेंटमध्ये लिहा, तुमची हवा कुठे सापडली. निवडक उत्तरांवर पुढच्या व्हिडिओत हिशोबासकट बोलू.